डोडोचे बोधचिन्ह लावणारा माणूस

रविवारी मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलो की दोन गोष्टी हमखास घडतात. मुले हरखून जातात आणि त्यांच्यासोबतच्या मोठ्या माणसांच्या मनात थोडी खंत दाटते. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा बिबट्या पाहताना वाटते, याला इथे का ठेवले आहे? आपल्या दोन तासांच्या करमणुकीसाठी? हा प्रश्न नवा नाही. गंमत म्हणजे, तो सर्वांत कठोरपणे विचारणारा माणूस स्वतःच प्राणिसंग्रहालयाचा मालक होता. त्याचे नाव जेराल्ड ड्युरेल. त्याची विनोदी पुस्तके जगभर वाचली गेली. पण त्याने आयुष्य वेचले ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात, आणि ते उत्तर त्याने कागदावर न ठेवता एका छोट्या बेटावर प्रत्यक्ष उभे केले.

जेराल्डचा जन्म आपल्याच देशातला, 7 जानेवारी 1925 रोजी जमशेदपूरचा. वडील इंजिनीअर होते. रस्ते, पूल, इमारती बांधण्याची कामे ते घेत. आईवडील दोघांचाही जन्म भारतातलाच, त्यामुळे इंग्लंड हा त्यांच्यासाठी फक्त कागदोपत्री मायदेश होता. चार भावंडांत जेरी सर्वांत धाकटा. थोरला लॉरेन्स पुढे मोठा कादंबरीकार झाला. जेरी अगदी लहान असताना आया त्याला प्राणिसंग्रहालय दाखवायला नेत असे आणि तिथून त्याला घरी आणणे हेच मोठे काम होऊन बसे. त्याने उच्चारलेल्या पहिल्या शब्दांत ‘झू’ हा शब्द होता, अशी आठवण त्याची आई सांगत असे. ते प्राणिसंग्रहालय काही फार चांगले नव्हते. पिंजरे कोंदट होते आणि वास उग्र. पण त्या वासानेच या मुलाला कायमचे बांधून घेतले.

1928 मध्ये वडील अचानक वारले. जेरी तेव्हा तीन वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. तिथली थंड, ओलसर हवा आणि एकटेपणा तिला सोसेना. अखेर 1935 मध्ये थोरल्या मुलाच्या आग्रहावरून सगळे कुटुंब ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर राहायला गेले.

दहा वर्षांच्या जेरीला हे बेट म्हणजे मोकळे रान होते. शाळा जवळपास नव्हतीच. घरी शिकवायला कोणी ना कोणी मास्तर येत आणि काही महिन्यांनी बदलत. खरी शाळा भरे ती ऑलिव्हच्या बागांत, ओढ्याकाठी आणि समुद्रकिनाऱ्यावर. काडेपेटीत विंचू, न्हाणीघरातल्या टबात साप, खोलीत कासवे आणि घुबडाचे पिल्लू असा त्याचा संसार होता. घरच्यांनी तो कसा सोसला, याचे किस्से पुढे त्याच्या पुस्तकामुळे जगभर पोहोचले.

याच बेटावर त्याला थिओडोर स्टेफनिडीस हे गुरू भेटले. पेशाने डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ, आणि वृत्तीने जिथे-तिथे कुतूहलाने वाकून पाहणारे निसर्गअभ्यासक. ते या मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलत, त्याने आणलेला किडा भिंगाखाली ठेवून गंभीरपणे त्याची चर्चा करत. प्राणी आवडणे वेगळे आणि प्राण्याचे निरीक्षण करून नोंद ठेवणे वेगळे, हा धडा जेरी तिथे शिकला. मुलांना विज्ञान कसे शिकवावे यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाचा प्रश्न मनापासून ऐकून घेतला तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

1939 मध्ये युद्धाचे ढग जमले आणि कुटुंब इंग्लंडला परतले. जेरीकडे ना पदवी होती, ना शाळेचा दाखला. प्रकृतीच्या कारणाने सैन्यातही घेतले गेले नाही. काही काळ त्याने पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम केले, काही काळ शेतावर. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये त्याला लंडनच्या उत्तरेकडील व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयात शिकाऊ रखवालदाराची नोकरी मिळाली. काम म्हणजे शेण काढणे, खाद्य वाहणे, कुंपण दुरुस्त करणे. फावल्या वेळात तो एका वहीत नोंदी करू लागला. जगातले कोणकोणते प्राणी संपण्याच्या वाटेवर आहेत, त्यांतले किती उरले आहेत, याची ती यादी होती. यादी लांबतच चालली. आपण ज्या प्राणिसंग्रहालयात काम करतो त्याला या यादीशी फारसे देणेघेणे नाही, हेही त्याच्या ध्यानात आले.

तिथेच त्याने एक विलक्षण उदाहरण मात्र डोळ्यांनी पाहिले. पेर डेव्हिड नावाचे हरीण मूळचे चीनमधले. जंगलातून ते केव्हाच नाहीसे झाले होते आणि पेकिंगजवळच्या शाही उद्यानातला शेवटचा कळपही विसाव्या शतकाच्या आरंभी पूर आणि युद्धाच्या धामधुमीत संपला. त्याआधी काही हरणे युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेली होती. बेडफर्डच्या ड्यूकने तिथून 18 हरणे गोळा करून आपल्या जहागिरीत आणली आणि कळप वाढवला. त्या वंशातल्या पाडसांना बाटलीने दूध पाजण्याचे काम तरुण जेरीच्या वाट्याला आले. रात्री-अपरात्री उठून बाटली धरताना त्याला उमगले की, या पाडसाची जात केवळ कुंपणाच्या आत राहिली म्हणून पृथ्वीवर राहिली. पुढे 1985 मध्ये याच हरणांचे वंशज चीनला परत पाठवले गेले. बंदिवास हा शेवटचा आसरा होऊ शकतो, ही कल्पना त्याच्या मनात रुजली ती इथे.

एकविसाव्या वर्षी वडिलांच्या मिळकतीतून त्याला 3 हजार पौंड मिळाले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. घर घेता आले असते, धंदा काढता आला असता. त्याने ते पैसे आफ्रिकेला जाऊन प्राणी पकडून आणण्यात घातले. 1947 मध्ये तो कॅमेरूनला निघाला. त्यानंतर पुन्हा कॅमेरून, मग दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियाना अशा मोहिमा झाल्या. जिवंत प्राणी पकडायचे, आणायचे आणि प्राणिसंग्रहालयांना विकायचे, असा हा व्यवसाय होता.

ड्युरेल यांच्या आयुष्याचा हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याने पुढे वन्यजीवांसाठी जिवाचे रान केले, त्याची सुरुवात जंगलातून प्राणी उचलून आणण्यापासून झाली. मात्र इतर पुरवठादारांपेक्षा त्यांची रीत निराळी होती. आपण सांभाळू शकू तेवढेच प्राणी ते पकडत आणि त्यांच्या खाण्यापिण्यावर सढळ हाताने खर्च करत. परिणामी तीन मोहिमांत सगळे पैसे संपले. त्याहून मोठा धक्का दुसराच होता. इतक्या कष्टाने जगवून आणलेले प्राणी ज्या संग्रहालयांकडे जात, तिथे त्यांची एकेकट्याने मांडणी होई, टपाल तिकिटांच्या संग्रहासारखी. जोडी नाही, पिल्ले नाहीत. एक मेला की दुसरा मागवायचा. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच होता की, प्राणिसंग्रहालय हे जंगल रिकामे करणारे आणखी एक गिऱ्हाईक आहे.

1951 मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी जॅकी व्यवहारी होती. हातात पैसा नाही, नोकरी कोणी देत नाही, अशा स्थितीत तिने आणि थोरल्या भावाने त्यांना लिहायला लावले. उसन्या टंकलेखन यंत्रावर पहिला लेख तयार झाला, तो कॅमेरूनमधल्या एका केसाळ बेडकावर. रेडिओवर तो वाचला गेला आणि श्रोत्यांना फार आवडला. 1953 मध्ये पहिले पुस्तक आले. 1956 मध्ये कॉर्फूच्या बालपणावरचे ‘माय फॅमिली अँड अदर अॅनिमल्स’ प्रसिद्ध झाले आणि ड्युरेल हे नाव घरोघरी पोहोचले. लेखन त्यांना मनापासून कधीच आवडले नाही. ते त्यांच्यासाठी प्राण्यांच्या चाऱ्याचे पैसे मिळवण्याचे साधन होते. आयुष्यभर त्यांनी तीसहून अधिक पुस्तके लिहिली आणि त्यांतला बराचसा पैसा पिंजऱ्यांच्या पलीकडे गेला.

1957 मध्ये ते पुन्हा कॅमेरूनला गेले. या वेळी आणलेले प्राणी कोणालाही विकायचे नाहीत, आपले स्वतःचे प्राणिसंग्रहालय काढायचे, असे त्यांनी ठरवले होते. अडचण इतकीच होती की जागा नव्हती. बोर्नमथ गावात बहिणीच्या घरामागच्या परसात तंबू ठोकून प्राणी ठेवले गेले. शेजाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी. नाताळात एका मोठ्या दुकानाच्या तळघरात या प्राण्यांचे प्रदर्शन मांडून दिवस काढले. नगरपालिकांशी बोलणी झाली, ती नियम-कायद्यांत अडकली. शेवटी प्रकाशकाच्या ओळखीने जर्सी बेटावरची एक जुनी गढी भाड्याने मिळाली. जर्सी हे इंग्लिश खाडीतले, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे छोटेसे बेट. 1959 च्या मार्चमध्ये तिथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले.

पहिली काही वर्षे कर्जात गेली. प्रकाशकाने हमी दिली म्हणून बँकेने पैसे दिले होते. तिकिटांतून येणाऱ्या पैशांत खाद्याचा खर्चही भागत नसे. प्रेक्षक खेचायला सिंह, हत्ती, जिराफ हवेत, असा व्यवहारी सल्ला सगळे देत. ड्युरेल यांचा कल नेमका उलटा होता. ज्या प्राण्याला मदतीची गरज आहे तो ठेवायचा, मग तो लोकांना ओळखीचा असो वा नसो. नाव न ऐकलेली वटवाघळे, सरडे, बेडूक, छोटी माकडे, करड्या रंगाचे पक्षी. असा संग्रह पाहायला कोण येणार?

1963 मध्ये त्यांनी मोठे पाऊल उचलले. संग्रहालयाची मालकी एका विश्वस्त संस्थेकडे दिली आणि आधीच्या कर्जाच्या फेडीची जबाबदारी स्वतःकडे घेतली, म्हणजे संस्थेची पाटी कोरी राहील. संस्थेचे नाव ‘जर्सी वाइल्डलाइफ प्रिझर्व्हेशन ट्रस्ट’ आणि बोधचिन्ह डोडो. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा मोठा पक्षी, कबुतरांच्या कुळातला. माणूस तिथे वस्तीला आल्यावर शंभर वर्षांच्या आत, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो नाहीसा झाला. बोधचिन्ह म्हणून लोक सिंह, गरुड असे रुबाबदार प्राणी निवडतात. ड्युरेल यांनी आपल्या हातून गेलेला प्राणी निवडला.

त्यांची कामाची पद्धत आज सगळीकडे मान्य झाली आहे, म्हणून तिच्यातला नवेपणा पटकन जाणवत नाही. ती थोडक्यात समजून घेऊ. पहिली गोष्ट, पिंजऱ्याची रचना प्राण्याच्या सोयीने करायची. त्याला लपायला जागा, चढायला फांद्या, एकांत आणि योग्य जोडीदार हवा. प्रेक्षकाला तो दिसला नाही तरी चालेल. दुसरी गोष्ट, आहार. अनेक प्राणी बंदिवासात पिल्ले देत नाहीत, कारण पोट भरले तरी पोषण अपुरे असते. म्हणून काय खाल्ले, किती खाल्ले, वजन किती, याची रोज नोंद. तिसरी गोष्ट, वंशावळ. प्राण्यांची संख्या कमी असली की जवळच्या नात्यात संकर होत राहतो. त्यातून दुबळी पिल्ले जन्मतात, रोगप्रतिकारशक्ती घटते, प्रजननक्षमता कमी होते. हे टाळायचे तर कोण कोणाचे पिल्लू आहे, याची नीट नोंद हवी आणि वेगवेगळ्या संग्रहालयांनी आपापसांत प्राण्यांची अदलाबदल करायला हवी. विकत घेणे-देणे मागे पडून उसने देण्याची पद्धत त्यातून पुढे आली. चौथी आणि शेवटची गोष्ट, हा सगळा खटाटोप परत सोडण्यासाठी. जंगल सुरक्षित झाले की प्राणी घरी गेला पाहिजे.

आपल्या संस्थेची गरजच उरू नये आणि तिला एक दिवस टाळे लावता यावे, ही त्यांची इच्छा होती. व्यवसायातल्या अनेकांना हे खुळ वाटले. 1972 मध्ये जर्सीमध्येच बंदिवासातील दुर्मीळ प्राण्यांच्या प्रजननावर पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा मात्र हा विचार एकट्याचा राहिलेला नव्हता.

या विचाराची खरी परीक्षा झाली मॉरिशसमध्ये, म्हणजे डोडोच्याच घरी. 1976 मध्ये ड्युरेल तिथे गेले तेव्हा परिस्थिती बिकट होती. तिथला छोटा ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, 1974 मध्ये जंगलात अवघा 4 इतका उरल्याची नोंद होती. उसाच्या शेतीसाठी झालेली जंगलतोड, बाहेरून आलेली माकडे आणि मुंगूस, त्यात डासांसाठी आणि पिकांवर फवारलेले डीडीटी. डीडीटी अन्नसाखळीतून शिकारी पक्ष्यांच्या शरीरात साठते आणि अंड्यांचे कवच पातळ होते. गुलाबी कबुतराचे थवे एका छोट्या रानापुरते राहिले होते. शेजारच्या रॉड्रिग्स बेटावर फलाहारी वटवाघळे शे-सव्वाशेच्या आसपास होती. एखादे मोठे वादळ आले असते तरी तीनही जाती संपल्या असत्या.

गुलाबी कबुतरे आणि वटवाघळे जर्सीला नेली गेली आणि मॉरिशसमध्येही प्रजनन केंद्र चालवले गेले. काम सोपे नव्हते. गुलाबी कबुतरे बंदिवासात अंडी घालत, पण ती नीट उबवत नसत. मग त्यांची अंडी पाळीव होल्यांच्या जोड्यांखाली ठेवून पिल्ले वाढवली गेली. ससाण्यांची जबाबदारी 1979 मध्ये कार्ल जोन्स या तरुण जीवशास्त्रज्ञाकडे आली. त्यांनी निसर्गातलीच एक सवय वापरली. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते. पहिली अंडी यंत्रात उबवायची, दुसरी तिला वाढवू द्यायची. जंगलातल्या जोड्यांना जादा खाद्य द्यायचे, घरटी बांधायला पेट्या लावायच्या, शिकारी प्राण्यांना दूर ठेवायचे. शेकडो ससाणे अशा रीतीने सोडले गेले आणि 1994 पर्यंत जंगलातील संख्या दोनशेच्या पुढे गेली. गुलाबी कबुतरे 1990 च्या सुमारास जंगलात जेमतेम 10 उरली होती. आज ती काही शेकड्यांत आहेत. कार्ल जोन्स यांना या कामासाठी 2016 मध्ये इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. रॉड्रिग्सची वटवाघळे आज हजारोंच्या संख्येने आहेत, पण ती मुख्यतः तिथली झाडे वाचवल्यामुळे आणि स्थानिक लोकांना सोबत घेतल्यामुळे वाढली. जर्सीतली वटवाघळे हा विमा होता. तो वापरावा लागला नाही, हे चांगलेच झाले. ससाण्यांची संख्याही पुढे एका मर्यादेला अडली आणि काही भागांत घटली, कारण त्यांना पुरेसे रानच उरलेले नाही. प्राणिसंग्रहालय जातीला वेळ मिळवून देऊ शकते. रान मात्र ते तयार करू शकत नाही. ड्युरेल यांना याची पुरती जाणीव होती.

म्हणूनच त्यांनी आणखी एक काम हाती घेतले आणि त्यांच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे होते. ज्या देशांत दुर्मीळ प्राणी आहेत तिथल्याच लोकांना हे शास्त्र शिकवायचे. बाहेरच्या माणसांनी येऊन प्राणी नेणे हा कायमचा उपाय नव्हे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षण सुरू झाले. पहिला प्रशिक्षणार्थी मॉरिशसचाच होता. 1984 मध्ये प्रशिक्षण केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. पुढच्या काळात शंभराहून अधिक देशांतील माणसे तिथे शिकून आपापल्या देशी परतली. त्यांत वनाधिकारी होते, पशुवैद्य होते आणि साधे रखवालदारही होते. पदवी नसलेल्या माणसाने काढलेले हे विद्यापीठच म्हणायचे.

सर्वसामान्य प्रेक्षकांचे शिक्षण हा त्यातलाच भाग. पण ते कधी, कसे होईल, हे सांगता येत नाही. 31 ऑगस्ट 1986 रोजी जर्सीमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा भिंतीवरून गोरिलांच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. जाम्बो नावाचा भलाथोरला नर गोरिला त्याच्याजवळ आला. वर जमलेल्यांचा श्वास अडकला. जाम्बोने मुलाच्या पाठीवरून बोट फिरवले, त्याला हुंगले आणि मग इतर गोरिला आणि मूल यांच्यामध्ये तो आडवा बसून राहिला. मुलगा शुद्धीवर येऊन रडू लागला तेव्हा जाम्बो बाकीच्यांना घेऊन निघून गेला. रखवालदारांनी आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याने मुलाला बाहेर काढले, तो बचावला. हे सगळे चित्रीत झाले आणि जगाने पाहिले. चित्रपटांनी गोरिलाला छाती बडवणारा राक्षस करून ठेवले होते. ती प्रतिमा त्या काही मिनिटांत ढासळली.

ड्युरेल यांच्या आयुष्याला दुसरीही बाजू होती. सततची पैशांची चिंता, एकामागून एक पुस्तके लिहिण्याची सक्ती, डोळ्यांदेखत नाहीशा होत चाललेल्या जाती यांचा त्यांच्या मनावर मोठा ताण आला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांना नैराश्याने गाठले आणि उपचारांसाठी दाखल व्हावे लागले. मद्यपान तरुणपणापासून होते, ते वाढत गेले. पहिले लग्न 1979 मध्ये संपले. त्याच वर्षी त्यांनी ली मॅकजॉर्ज या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ महिलेशी विवाह केला. ली यांनी मादागास्करमध्ये संशोधन केले होते आणि पुढे दोघांनी मिळून काम केले. 1990 मध्ये पासष्टीत असलेले ड्युरेल मादागास्करला आय-आय या विचित्र, निशाचर प्राण्याच्या शोधात गेले. लांबलचक मधल्या बोटाने लाकडातल्या अळ्या काढणाऱ्या या प्राण्याला तिथे अपशकुनी समजून मारले जाई. ती त्यांची शेवटची मोहीम ठरली.

यकृताने अखेर साथ सोडली. मार्च 1994 मध्ये लंडनच्या रुग्णालयात त्यांच्यावर यकृत प्रत्यारोपण झाले. शस्त्रक्रिया पार पडली, पण जंतुसंसर्ग पाठ सोडेना. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात आणि त्यामुळे संसर्गाशी लढणे अवघड होते. 30 जानेवारी 1995 रोजी, सत्तर वर्षांचे होऊन थोडेच दिवस झाले असताना, ड्युरेल यांचे निधन झाले. प्राण्याने काय खाल्ले, किती खाल्ले याची रोज नोंद ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराची मात्र कधी फिकीर केली नाही. निसर्गासाठी, समाजासाठी झटणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हे घडते. कामाचा ध्यास हा प्रकृतीची हेळसांड करण्याचा परवाना नसतो, हेही त्यांच्या आयुष्यातून शिकायला हवे.

1999 मध्ये संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले. त्यांच्या मनात असलेले एक काम त्यांच्यामागे त्यांच्या जन्मभूमीत उभे राहिले. आसामच्या उंच गवताळ रानात पिग्मी हॉग हे जगातले सर्वांत छोटे रानडुक्कर राहते. उंची जेमतेम वीतभराहून थोडी अधिक, वजन आठ-दहा किलो. गवत जाळले जाते, रान शेतीखाली जाते, तसे ते संपत चालले होते. या प्राण्याला वाचवण्याची ड्युरेल यांची फार दिवसांची इच्छा होती. 1996 मध्ये मानसच्या जंगलातून 6 डुकरे पकडून गुवाहाटीजवळ प्रजनन केंद्र सुरू झाले. आसामचा वन विभाग आणि ड्युरेल यांची संस्था यांचे हे संयुक्त काम. 2008 मध्ये सोनाई रुपाई अभयारण्यात पहिली डुकरे सोडली गेली आणि त्यानंतर इतर रानांतही. जमशेदपूरला जन्मलेल्या मुलाचा विचार असा वळसा घेऊन भारतात परतला.

आपल्याकडे 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, संग्रहालयांना मान्यता घेणे बंधनकारक झाले आणि संवर्धन हे त्यांचे काम असल्याचे धोरणातच आले. महाराष्ट्रालाही याचा अनुभव आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडे हजारोंनी मेली, कारण मृत जनावराच्या मांसातून ते औषध त्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घालते. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये सोडण्यात आली. त्यांचे काय होते, हे आपल्या गुरांना आपण कोणती औषधे देतो यावर अवलंबून राहील. इथेही ड्युरेल यांचाच धडा लागू पडतो. पिंजऱ्यातले यश पिंजऱ्याबाहेर टिकवायचे असेल तर बाहेरचे कारण दूर करावे लागते.

मग पुढच्या रविवारी मुलांना घेऊन जावे की नाही? जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून. प्राण्याला लपायला जागा आहे का, तो एकटाच आहे की सोबत आहे, एकाच जागी झुलत किंवा येरझाऱ्या घालत बसला आहे का, हे पाहावे. फलकावर त्या प्राण्याची माहिती आहे का, इथे पिल्ले जन्मतात का आणि कधी कोणते रानात सोडले गेले का, असे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावे. मुलांना खाणे फेकू देऊ नये, काचेवर थापा मारू देऊ नयेत. प्राणी दिसला नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे म्हणू नये. तो लपला आहे, म्हणजे त्याला लपता येते आहे. ड्युरेल यांना जर्सीत नेमके हेच हवे होते.

आणि मुलाने एखादा किडा तळहातावर घेऊन प्रश्न विचारलाच, तर घाईत हात झटकायला लावू नये. थोडे वाकून त्याच्यासोबत बघावे. कॉर्फूच्या बेटावर एका डॉक्टरांनी इतकेच तर केले होते.